सालोमालोचे वारसदार

२०१०च्या आसपास माजलगावच्या बसस्थानकाबाहेर एका मोबाईलच्या दुकानावर पाटी होती : ‘गाणी भरून मिळतील’. अशीच पाटी गेवराईला होती, वडवणीला होती, धारूरला होती, केजच्या चौकात होती. आत एक संगणक, त्याला लोंबकळणारा कार्ड रीडर आणि काउंटरपुढे उभी माणसं. दोन जीबीचं मेमरी कार्ड पुढे करायचं, ‘भीमगीतं टाक, थोडी भक्तिगीतं टाक, दोन-चार लावण्या टाक’ असं सांगायचं आणि वीस-तीस रुपये द्यायचे. दसऱ्याच्या आधी आठवडाभर या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसे. दसरा सरला की आमचा बीड जिल्हा रिकामा होऊ लागतो. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, ट्रॅक्टरवर संसार टाकून सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे. पहाटे अंधारात फडात उतरायचं आणि रात्री गाडी भरेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. त्या काळोखात त्यांच्या सोबतीला असे ते हे नखाएवढं कार्ड.

त्या ऊसतोड कामगाराला मी आरोपी करत नाही. हे आधीच सांगतो, कारण फुकटच्या गाण्यांची चर्चा निघाली की शहाणी माणसं पहिलं बोट त्याच्याकडे दाखवतात. आरोपी दुसरेच आहेत, आणि त्यांत मी आहे.

त्या पाटीखाली मीही रांगेत उभा होतो. नोकरीवाला माणूस, महिन्याला पगार घेणारा. आत मोठ्या आवाजात एक जलशातलं गाणं चालू होतं. माझ्या पुढे धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांना कार्ड भरायचं नव्हतं, चार्जरची पिन बदलून हवी होती. गाणं सुरू असताना ते हलले नाहीत. शेवटचा अंतरा संपला तेव्हा त्यांनी पोराला विचारलं, “लेकरा, कुणाचं हाय रं हे गाणं?” पोराने पडद्याकडे पाहिलं आणि गायकाच्या जागी जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. ते एका संकेतस्थळाचं नाव होतं. म्हातारे हळू आवाजात म्हणाले, “मी लिव्हलंय ते. शाळेच्या वट्यावर बसून लिव्हलंय.” पोरगं हसलं. त्याच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, त्याला ते खरंच वाटलं नाही. म्हाताऱ्यांनी पिन घेतली, दहा रुपये दिले आणि ते निघून गेले. मग माझा नंबर आला. मी कार्ड पुढे केलं. भरून घेतलं. त्या यादीत त्यांचंही गाणं असणार. घरी येऊनसुद्धा मी ते शोधलं नाही. त्यांचं नावही विचारलं नाही.

इतक्या वर्षांत ती गोष्ट मनातून गेलेली नाही. गाणं फुकट गेलं याचं दुःख मला त्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं. दिसलं ते वेगळं होतं. गाणं समोर वाजतं आहे, लोक माना डोलावताहेत, आणि ते आपलं आहे हे सांगितलं तर पोरगं हसतं आहे.

पावणेचारशे वर्षांपूर्वी हीच गोष्ट देहूच्या वाण्याच्या वाट्याला आली होती. सालोमालो नावाचा एक माणूस तुकोबांचे अभंग उचलायचा, शेवटच्या चरणातली तुकोबांची मुद्रा काढून तिथे स्वतःचं नाव बसवायचा आणि लोकांत स्वतःचे म्हणून गायचा. तुकोबांनी त्याच्यावर अभंग रचले, ते गाथेत आहेत. ज्याने सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ज्याने घराण्याचं येणं लोकांना सोडून दिलं, त्याच तुकोबांना हे सहन झालं नाही, याचा विचार आपण करत नाही. पैशाचा हिशेब त्यांनी सोडला होता. शब्दामागचा माणूस खोटा करणं त्यांनी खपवून घेतलं नाही.

सालोमालोला निदान अभंग पाठ करावे लागत होते. त्या संकेतस्थळांच्या मालकांना तेवढंही करावं लागलं नाही. गाण्याच्या फायलीत गाण्याचं नाव, गायक, गीतकार, वर्ष असे रकाने असतात. त्यांनी प्रत्येक रकान्यात आपल्या स्थळाचा पत्ता टाकला. चित्राच्या जागी आपलं बोधचिन्ह चिकटवलं. ती फाईल बीडच्या दुकानात आली, दुकानातून कार्डात, कार्डातून फडात, फडातून परत गावात. तिच्यासोबत गाणारा कुठेच गेला नाही. जिल्ह्यातल्या हजारो मोबाईलमध्ये आजही ‘ट्रॅक ०७’ नावाची गाणी आहेत. ती कुणाच्या तरी घशातून आलेली आहेत.

फुकटच्या गाण्यांचा वाद जगात गेली पंचवीस वर्षं चालू आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर नावाची सोय निघाली, एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याला थेट मिळू लागलं आणि दोन वर्षांत न्यायालयाच्या आदेशाने ती बंद पडली. एक बाजू म्हणाली, ही चोरी आहे. दुसरी म्हणाली, गाणं दिल्याने देणाऱ्याकडचं कमी होत नाही, ज्योतीने ज्योत लावावी तसं ते असतं. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या १९८१च्या कायद्यात व्हिडिओ पायरेटांना आणून बसवलं. ही दुरुस्ती मुंबईच्या सिनेमावाल्यांसाठी झाली. माजलगावच्या त्या म्हाताऱ्यांसाठी कुणी कायदा मागितला नाही, कारण कंपनीच्या दप्तरी त्यांचं गाणं कंपनीचं होतं आणि फुकट वाटणाऱ्याच्या लेखी ते कुणाचंच नव्हतं.

कंपन्यांच्या रडण्याला मी फारशी किंमत देत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मराठवाड्यातले शाहीर, गायन पार्ट्यांचे गायक, भजनी बुवा पुण्या-मुंबईच्या ध्वनिमुद्रण खोल्यांत जाऊ लागले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातावर एकरकमी पैसे ठेवले गेले आणि छापील कागदावर सही, काहींचा अंगठा घेतला गेला. त्या कागदात काय लिहिलं होतं हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. पुढे कॅसेट लाखांनी खपली तरी घरी काही आलं नाही. आमच्या जिल्ह्याला ही रीत चांगली ठाऊक आहे. मुकादमही अशीच आधी रक्कम देतो, आणि ती हातात पडली की माणसाने पुढचं काही विचारायचं नसतं. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी पुढच्या कमाईतला त्यांचा समान वाटा काढून घेता येणार नाही, असं त्यात आलं. त्यासाठी जावेद अख्तरांसारख्या माणसाला राज्यसभेत उभं राहून भांडावं लागलं. पण तोवर आमचे बहुतेक शाहीर एक तर सही करून बसले होते, नाही तर जगातून गेले होते.

तेव्हा ‘चोरी, चोरी’ म्हणून ओरडणाऱ्या कंपनीला मी आधी विचारीन, की तुम्ही आणलंत ते कसं आणलंत. पण तेवढ्याने आपण सुटत नाही. एकाने लुटलेल्या घरात दुसऱ्याने शिरून उरलंसुरलं नेलं तर दुसरा साव होत नाही.

आता ज्यांना वाटतं की फुकट वाटणं हेच पाप, त्यांनी आमच्या मातीकडे बघावं. बीड जिल्ह्यात गाणं फुकटच होतं. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, तिथेच सर्वज्ञ दासोपंतांची पासोडी आहे, चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी हाताने लिहिलेली. चारशे वर्षं झाली, त्या लेखनाचं कुणी शुल्क मागितलं नाही. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग प्रत्येक गावच्या सप्ताहात गायले जातात, कुणी परवानगी घेत नाही, घेऊ नये. पण अभंग म्हणणारा शेवटच्या चरणापाशी येतो तेव्हा टाळ थांबवून का होईना, नामा, एका, तुका, जनी, चोखा यांचं नाव घेतो. चोखोबांना ज्यांनी देवळाच्या पायरीवर अडवलं त्यांच्या वंशजांनाही अभंग गाताना ‘चोखा’ म्हणावंच लागतं. वारकऱ्यांनी गाणं मुक्त ठेवलं आणि नाव बांधून ठेवलं. गीतातच नाव ओवलं, म्हणजे गीत जाईल तिथे नाव जाईल. हा आमच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलेला तोडगा आहे आणि तो कायद्याच्या पुस्तकातल्या कलमांपेक्षा जास्त चालला.

वामनदादा कर्डकांनी तोच मार्ग धरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२, मृत्यू २००४. हजारो गीतं लिहिली, गावोगाव पायी आणि एसटीने फिरला, आणि शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ ओवत गेला. आज त्याच गीतांचे तीस सेकंदांचे तुकडे मोबाईलवर फिरतात. तुकडा पहिल्या ओळीपासून सुरू होतो, ढोल वाजतो आणि संपतो. वामनदादांचं नाव शेवटी आहे, आणि शेवटापर्यंत कुणीच जात नाही. सालोमालोला नाव खरवडून काढावं लागलं होतं. आपण नुसतं बोट वर सरकवतो आणि नाव आपोआप कापलं जातं.

फुकट आणि नावानिशी, दोन्ही एकत्र होऊ शकतं याचा दाखला आमच्याच माजलगावात आहे. १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातली मंडळी भीमनगरात आली होती. घराघरात गिरणीचं पीठ येऊ लागलं होतं, जाती कोपऱ्यात गेली होती आणि ओव्या बायकांच्या ओठांवरच शिल्लक होत्या. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या मैत्रिणींनी बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या, रमाईवरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. हेमाताई आणि गी दोघंही आता नाहीत. त्यांचा ठेवा २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने कुणालाही फुकट ऐकता येईल असा खुला केला.

तो उघडून बघा. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आहे. गाव आहे, तालुका आहे, मुद्रणाची तारीख आहे, जमेल तिथे फोटो आहे. ओवी मराठीत लिहून दिलेली आहे, दुसऱ्या भाषेत अनुवाद आहे, अनुवाद करणारीचंही नाव आहे. वीस वर्षांनी प्रकल्पातली मंडळी परत माजलगावात आली, तुम्ही गायलेलं जगासमोर ठेवतो आहोत हे त्यांनी त्या बायांना सांगितलं. ज्या बाईला आयुष्यभर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई एवढीच ओळख होती, तिच्या गाण्याखाली तिचं स्वतःचं नाव लागलं. एक पैसा न घेता जगभर गेलेलं हे गाणं चोरीचं नाही. आणि तीस रुपये देऊन भरलेलं माझं कार्ड चोरीचं होतं. फुकट की विकत, एवढ्यावर वाद घालणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

मग आपण नाव का पुसतो? संगणकाला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. नाव पुसायची सवय आपल्याला संगणकाच्या फार आधीपासून आहे.

आपल्या गावगाड्यात गाणारा होता, वाजवणारा होता. पहाटे वासुदेव यायचा, नवरात्रात गोंधळी यायचे, पोतराज यायचा, किंगरी घेऊन डक्कलवार यायचा, लग्नात मांगवाड्यातली हलगी यायची. गाणं सगळ्या गावाने ऐकायचं आणि सुपात पसाभर धान्य टाकायचं. काही लोक हल्ली त्या दिवसांची फार गोड आठवण काढतात. मला ती काढवत नाही. ते धान्य उंबऱ्यापासून लांबून टाकलं जायचं. हलगी ऐकत नाचणारं गाव हलगीवाल्याला पंगतीच्या शेवटी, वेगळं बसवायचं. ‘वाजव रे’ म्हणायचे, नाव घेऊन हाक मारली तरी ती जातीच्या नावाने. कला त्याची होती असं कुणी मानलंच नाही. ‘त्यांच्या रक्तातच असतं ते’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते कौतुकाने म्हटलं जातं.

या वाक्यासारखी लबाडी दुसरी नाही. रक्तात असतं म्हटलं की शिकणं नाहीसं होतं. त्याने बापाच्या शेजारी बसून दहा वर्षं हात बसवला, कातडं शेकून-शेकून बोटं भाजली, रात्ररात्र जागून चाल बसवली, हे सगळं पुसलं जातं. जे जन्मानेच मिळालं त्याची मजुरी कशाला द्यायची? विहिरीला पाण्याचे पैसे देतं का कुणी? हा आपला हिशेब. म्हणून आमचं गाव शास्त्रीय गायकाच्या मैफलीला तिकीट काढतं, हार्मोनियमच्या क्लासची फी भरतं, पण शाहीर समोर आला की शाल आणि नारळ देऊन पाठवतं. मेमरी कार्डाच्या दुकानात जाताना आपला हात अडखळला नाही याचं कारण हेच. जे आपण उंबऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच काउंटरवर केलं. फरक इतकाच की त्या काळी सुपात पसाभर तरी पडत होतं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून १९५७ला आणि १९९०ला, असा दोनदा सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. त्यांच्या पश्चात राज्य सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. माणूस जिवंत असताना हिशेब चुकता करायचा नाही आणि मेल्यावर नाव द्यायचं, ही आपली रीत झाली आहे.

माजलगाव तालुक्यातल्या भाटवडगावचे शाहीर आत्माराम साळवे आठवा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटल्या. त्या आगीत हा तरुण गावोगाव फिरत गात राहिला. वस्तीतल्या घाबरलेल्या माणसांना ताठ उभं करणारं त्याचं गाणं होतं. त्याच्यावर खटले झाले. पुढचं सुखाचं आयुष्य त्याने या गाण्यापायी सोडलं. १९९१ मध्ये तो गेला, आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा तो बघायला नव्हता. आज १४ जानेवारीला बीड जिल्ह्यातून गाड्या भरून माणसं विद्यापीठाच्या दरवाजापाशी जातात. गाडीत स्पीकर लावलेला असतो. स्पीकरवर गाणं लागलं की पोरांना विचारा, हे कुणी लिहिलं? ती चॅनेलचं नाव सांगतील. नावासाठी सोळा वर्षं लढलेल्या लोकांच्या लेकरांनी आपल्याच शाहिराचं नाव विसरावं, ही मला सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. इथे जातवाल्या उंबऱ्याचा दोष सांगून भागत नाही. हे आपल्याच घरात झालं आहे.

आणि आपण खरंच फुकट ऐकतो का? महिन्याला तीनशेच्या घरात रिचार्ज मारतो. घरात चार मोबाईल असतील तर हजाराच्या पुढे जातं. गाण्याआधी जाहिरात लागते, तिचे पैसे कुठल्या कुठे जमा होतात. जयंतीला, गणपतीला, लग्नाला डीजे आणतो. त्याला आगाऊ रक्कम मोजतो, वरून डिझेल देतो, लाईटवाल्याला वेगळे देतो. चौकातल्या फलकावर तीस चेहरे छापतो, त्याचे छपाईवाल्याला रोख देतो. कार्ड भरणाऱ्याला दिले, मोबाईलवाल्याला दिले, जनरेटरवाल्याला दिले. सगळ्या साखळीत एकच माणूस असा आहे की ज्याच्यापाशी आल्यावर आपल्याला एकदम आठवतं, कला ही देवाची देणगी आहे, तिचे पैसे कसे घ्यायचे!

निवडणुका आल्या की आणखी एक प्रकार. लोकांच्या ओठांवरचं भीमगीत किंवा भारुड घ्यायचं, शब्द बदलायचे, उमेदवाराचं नाव घालायचं आणि गाडीवर लावून गल्लोगल्ली फिरवायचं. लाखोंचा खर्च नोंदवला जातो, ज्याची चाल घेतली त्याच्या घरी साधा निरोप जात नाही. सगळ्या पक्षांनी हे केलं आहे, एकालाही वगळायची गरज नाही.

नाव पुसल्याने नुसता मान जातो असं कुणी समजू नये. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं, २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये. अर्ज करणाऱ्याने वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आपण इतकी वर्षं कला केली याचे पुरावे जोडायचे. पुरावा म्हणजे काय? वर्तमानपत्राचं कात्रण, कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्र, कॅसेटचं वेष्टन. तालुक्याच्या कचेरीत खिडकीपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शाहिराने काय दाखवावं? त्याचं गाणं हजारो मोबाईलमध्ये आहे आणि एकाही मोबाईलमध्ये त्याचं नाव नाही. ज्या समाजाने त्याचं गाणं पाठ केलं त्या समाजाने त्याच्या म्हातारपणाची भाकरी अशी काढून घेतली. माझ्या कार्डावर त्या दिवशी नाव असतं तर ते कार्डसुद्धा पुरावा झालं असतं.

मला काही जण म्हणतात, सर, गरीब पोरगं कुठून पैसे देणार? त्याच्याकडे कुणी मागितले? कायद्याने तर लग्नाच्या वरातीत आणि धार्मिक सोहळ्यात गाणं वाजवायला मोकळीक ठेवली आहे. फडात गाणं ऐकणाऱ्या बाईने एक रुपयाही देऊ नये, असं माझं मत आहे. तिच्याच घामावर कारखाने उभे आहेत, तिच्याकडे कुणाचंही देणं नाही. पण जयंती समितीकडे पैसा आहे. सप्ताह समितीकडे आहे. ग्रामपंचायतीकडे आहे, साखर कारखान्यांकडे आहे, चॅनेल चालवून जाहिरातीवर कमावणाऱ्या पोरांकडे आहे, आणि आमच्यासारख्या पगारदारांकडे तर आहेच. नावाला मात्र कुणालाच पैसा लागत नाही. कायदाही तेच सांगतो : लेखकाने हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा त्याचा अधिकार विकला जात नाही, आणि २०१२ पासून तो गाणाऱ्यालाही आहे. सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या कंपनीलाही जे काढून घेता येत नाही ते आपण गावातल्या माणसांनी काढून घेतलं.

गाणी थांबवा असं मी म्हणणार नाही. थांबवू म्हटलं तरी ती थांबणार नाहीत, आणि थांबूही नयेत. ज्या समाजाला पाटी-पेन्सिल नाकारली त्याने गाण्यातून इतिहास सांगितला, तो असाच या तोंडून त्या तोंडी फिरला म्हणून टिकला. वाटा, हजारांना वाटा. पण ज्याचं आहे त्याच्या नावासकट वाटा.

तुमच्या गावात, वाडीवर, तांड्यावर असा एक तरी म्हातारा किंवा म्हातारी आहे जिने गाणं रचलं, चाल लावली, रात्रभर डफावर थाप मारली. तिच्याकडे जा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. तिचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भरून घ्या आणि फाईलला तिचं नाव, गाव, तारीख द्या. तिच्या अर्जाला लागणारे पुरावे तुम्ही गोळा करून द्या. कचेरीत तुम्ही तिच्याबरोबर उभे राहा. आणि येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीचं पुस्तक छापाल तेव्हा डीजेची रक्कम लिहायच्या आधी शाहिराचं मानधन लिहा, आकड्यात आणि अक्षरात, आणि त्याच्यासमोर त्याचं पूर्ण नाव.

मी माझं जुनं कार्ड यंदा काढलं. त्यात ३१२ गाणी आहेत. ४७ जणांची नावं आतापर्यंत सापडली. माजलगावच्या त्या म्हाताऱ्यांचं नाव अजून सापडलेलं नाही. शाळेच्या वट्यावर बसून गाणं लिहिणारा शाहीर तुमच्या ओळखीत असेल, तर मला कळवा.